राजाच्या कुत्र्याचे हरवलेले नाक

कुत्रा म्हटले की आपल्या मनात पहिल्याने राखणदार येतो. तो दारात बसतो, अनोळखी माणसावर भुंकतो, मेंढपाळाबरोबर कळपामागे धावतो. पण कुत्र्यांच्या काही जाती अशा आहेत की त्यांना यांपैकी कोणतेच काम नेमून दिलेले नाही. माणसाच्या मांडीवर बसणे आणि त्याला सोबत करणे, हेच त्यांचे काम! अशाच एका लहानशा कुत्र्याची ही हकिकत आहे. त्याचे नाव मात्र लांबलचक आहे : कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. सोयीसाठी आपण त्याला नुसते कॅव्हेलियर म्हणू.

या कुत्र्याचे नाक एकदा हरवले होते. माणसानेच ते हरवले आणि माणसानेच ते परत आणले. परंतु नाक परत आणण्याच्या या खटपटीत दुसरेच काहीतरी हातचे गेले, आणि ते गेल्याचे बरीच वर्षे कोणाच्या ध्यानातही आले नाही. ते काय, हे समजून घ्यायचे तर आधी या कुत्र्याची ओळख करून घेतली पाहिजे.

कॅव्हेलियर दिसतो कसा, वागतो कसा?

पूर्ण वाढलेल्या कॅव्हेलियरचे वजन साधारण साडेपाच ते आठ किलोग्रॅम असते आणि खांद्यापाशी उंची सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीच्या दुप्पट भरते. कान लांब, लोंबते आणि रेशमी केसांनी झाकलेले असतात. डोळे मोठे, गोल व काळेभोर. रंगाचे चार प्रकार आहेत : पांढऱ्यावर तांबूस ठिपके, काळा-पांढरा-तांबूस असा तिरंगी, सगळा तांबूस, आणि काळ्यावर तांबूस छटा.

स्वभावाने हा कुत्रा अतिशय मायाळू आहे. घरात कोणी अनोळखी माणूस आला तर त्याच्याकडेही तो शेपटी हलवीत जातो. त्यामुळे राखणदार म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही. त्याला एकटे राहणे मुळीच आवडत नाही. मात्र समोरून पाखरू किंवा फुलपाखरू उडाले, की मांडीवरचा हा लाडोबा एकदम बदलतो. तो सगळे विसरून त्याच्यामागे धाव घेतो. म्हणूनच वाहनांच्या रस्त्यावर त्याला साखळीशिवाय नेणे धोक्याचे असते. हा पाठलाग त्याला कोणी शिकवलेला नसतो. मग तो येतो कोठून?

शिकारी कुत्र्याचा धाकटा भाऊ

त्याचे उत्तर ‘स्पॅनियल’ या नावात आहे. स्पॅनियल हा युरोपातील शिकारी कुत्र्यांचा एक गट. झुडपात दडलेले पक्षी हुंगून काढायचे आणि त्यांना उडवायचे, हे त्यांचे काम. या शिकारी स्पॅनियलांपैकी काही लहानखुऱ्या कुत्र्यांची वेगळी पैदास होत गेली आणि ती घरात, विशेषतः राजवाड्यांत, वावरू लागली. शरीर लहान झाले, पण पक्ष्यामागे धावण्याची वृत्ती पुष्कळशी तशीच राहिली.

शरीर लहान कसे झाले? २००७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये आयजीएफ-१ नावाच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आढळतो. हे जनुक शरीराच्या वाढीशी संबंधित आहे. गमतीची गोष्ट अशी, की हा ‘लहानपणाचा’ प्रकार माणसाने निर्माण केलेला नाही. सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका लांडग्याच्या अवशेषांतही तो सापडल्याचे २०२२ साली जाहीर झाले. म्हणजे कुत्रा माणसाळण्याच्या कितीतरी आधीपासून तो निसर्गात होता. माणसाने फक्त तो निवडला. पुढच्या साऱ्या हकिकतीत ‘निवड’ हा शब्द लक्षात ठेवा.

सोळाव्या शतकात हे छोटे स्पॅनियल इंग्लंडमध्ये चांगलेच रुळले होते. पहिल्या एलिझाबेथ राणीचा एक वैद्य जॉन कीझ याने १५७० साली इंग्लंडमधील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली. तीत श्रीमंत स्त्रिया जवळ बाळगीत अशा लहान कुत्र्यांचा उल्लेख आहे. असा कुत्रा पोटाशी धरला तर त्याच्या उबेने पोटाचे दुखणे हलके होते, असे त्या वेळी मानत. थंडीच्या देशात, जाड दगडी भिंतींच्या घरात, हा एक जिवंत शेकच म्हणायचा!

दुसऱ्या चार्ल्सचे लाडके

या कुत्र्याला ज्याचे नाव मिळाले तो इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स होय. त्याने १६६० ते १६८५ या काळात राज्य केले. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज स्वराज्य उभारीत होते, त्याच काळातला हा राजा. मुंबईच्या इतिहासातही त्याचे नाव येते. पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन हिच्याशी त्याचा विवाह ठरला तेव्हा, १६६१ च्या करारानुसार, मुंबई बेट त्याला आंदण मिळाले. पुढे १६६८ साली ते त्याने वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

मुंबईची त्याला फारशी मातबरी वाटली नसेल, पण कुत्र्यांची मात्र होती. त्या काळातला प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने १६६७ मध्ये तक्रारीच्या सुरात नोंदवून ठेवले आहे, की सल्लामसलत चालू असताना राजाचे लक्ष कामाकडे नसून कुत्र्याशी खेळण्याकडे होते. या कुत्र्यांना कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी, अगदी पार्लमेंटातही, मुक्त प्रवेश देणारा कायदा राजाने केला होता, असे आजही मोठ्या हौसेने सांगितले जाते. परंतु असा कायदा कागदोपत्री कोठेही सापडलेला नाही. गोष्ट गोड असली तरी पुरावा मागावा, हे बरे!

त्या काळच्या चित्रांत हे कुत्रे पाहायला मिळतात. व्हॅन डाइक या चित्रकाराने १६३५ च्या सुमारास चार्ल्स व त्याची भावंडे यांची चित्रे काढली, त्यांतही ते मुलांच्या पायांशी बसलेले आहेत. कवटी सपाट, नाक चांगले लांब आणि टोकदार. हे नाक लक्षात ठेवा.

नाक आखूड झाले

त्यानंतरच्या दीडशे वर्षांत या कुत्र्यांचे रूप फारसे पालटले नाही. मार्लबरोच्या ड्यूकने १७०४ साली ब्लेनहाइमची लढाई जिंकली. पुढे त्याच नावाच्या त्याच्या वाड्यात पांढऱ्या-तांबूस रंगाचे स्पॅनियल पाळले जात, म्हणून त्या रंगाला आजही ‘ब्लेनहाइम’ म्हणतात. व्हिक्टोरिया राणीजवळही डॅश नावाचा एक तिरंगी स्पॅनियल होता. १८३८ साली राज्याभिषेकाचा सोहळा उरकून ती वाड्यात परतली आणि तिने या डॅशला आंघोळ घातली, असे सांगतात.

मात्र एकोणिसाव्या शतकात चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची आवड वाढू लागली. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांशी या स्पॅनियलांचा संकर करण्यात आला. शिवाय श्वानप्रदर्शने सुरू झाली. १८५९ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे असे पहिले प्रदर्शन भरले आणि १८७३ साली जातिवंत कुत्र्यांच्या वंशावळी नोंदवणारी केनेल क्लब ही संस्था स्थापन झाली.

आता प्रदर्शनात काय होते, ते पाहा. परीक्षकांना चपटे तोंड आवडते. ज्या कुत्र्याचे तोंड अधिक चपटे त्याला बक्षीस मिळते. बक्षीस मिळालेल्या कुत्र्याची पिल्ले जास्त किमतीला विकली जातात, म्हणून लोक त्याच्याकडूनच अधिक पैदास करून घेतात. पुढच्या पिढीत चपट्या तोंडाची जनुके वाढतात. परीक्षक त्यांतूनही सर्वांत चपटा निवडतात. ज्वारीचे बियाणे राखताना शेतकरी भरदार कणसे बाजूला काढतो, तोच हा प्रकार. याला ‘कृत्रिम निवड’ म्हणतात. डार्विनने आपला निसर्गनिवडीचा सिद्धान्त मांडताना, वाचकांना तो पटावा म्हणून आधी माणसाने पाळलेल्या प्राण्यांमधील अशाच निवडीची उदाहरणे दिली होती.

विसावे शतक उजाडेपर्यंत या कुत्र्याची कवटी घुमटासारखी गोल झाली आणि नाक जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत आत गेले. चित्रांतला लांब नाकाचा कुत्रा प्रदर्शनांतून नाहीसा झाला.

पंचवीस पौंडांचे बक्षीस

रॉझवेल एल्ड्रिज नावाचा एक अमेरिकन गृहस्थ जुन्या चित्रांतल्यासारखा स्पॅनियल विकत घ्यायला इंग्लंडात आला. त्याला तसा कुत्रा मिळेना. तेव्हा त्याने एक युक्ती केली. त्या काळी लंडनमध्ये भरणाऱ्या क्रफ्ट्स या मोठ्या श्वानप्रदर्शनात, १९२६ साली, त्याने बक्षीस जाहीर केले : लांब तोंड, सपाट कवटी, आणि कपाळाच्या मध्यावर ठिपका असलेल्या जुन्या धर्तीच्या सर्वोत्तम नराला पंचवीस पौंड, आणि मादीलाही पंचवीस पौंड.

पैदास करणारे लोक प्रथम नाराज झाले. कित्येक पिढ्या खपून आखूड केलेले नाक पुन्हा लांब करायचे, म्हणजे घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे! पण त्या काळी पंचवीस पौंड ही काही लहान रक्कम नव्हती. काही जणांनी प्रयत्न सुरू केला.

हे शक्य झाले ते आनुवंशिकतेच्या एका नियमामुळे. तोंडाची लांबी एका नव्हे तर अनेक जनुकांवर ठरते. आखूड नाकाच्या आई-बापांमध्येही लांब नाकाची काही जनुके दडून राहिलेली असतात. पिल्ले होताना जनुकांची नव्याने वाटणी होते. कधीकधी लांब नाकाची बरीचशी जनुके एकाच पिल्लाच्या वाट्याला येतात, आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत एखादे लांब नाकाचे पिल्लू जन्मते. एरवी अशी पिल्ले सदोष समजून बाजूला टाकली जात. आता तीच मोलाची ठरली. त्यांची आपसात जुळणी करून पैदास सुरू झाली.

१९२८ साली ‘अ‍ॅन्स सन’ नावाच्या कुत्र्याने हे बक्षीस मिळवले. त्याच वर्षी या कुत्र्यांसाठी स्वतंत्र क्लब स्थापन झाला. सभासदांनी अ‍ॅन्स सनला नमुना मानून आणि जुनी चित्रे समोर ठेवून जातीचे वर्णन ठरवले. चपट्या तोंडाचे ते ‘किंग चार्ल्स’, तेव्हा वेगळेपणासाठी या कुत्र्याच्या नावाआधी ‘कॅव्हेलियर’ हा शब्द जोडला. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाची बाजू घेणाऱ्यांना कॅव्हेलियर म्हणत. दुर्दैवाने एल्ड्रिज त्याच वर्षी वारला. आपल्या बक्षिसातून एक नवी जात उभी राहिलेली त्याला पाहायला मिळाली नाही. केनेल क्लबने १९४५ साली तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

नाक परत आले होते. गोष्ट येथे संपली असती तर किती बरे झाले असते!

अरुंद वाट

बक्षीस मिळवणारे कुत्रे मुळातच थोडे होते. त्यांच्याच वंशातून पुढची पैदास झाली. त्यातच १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. माणसांनाच अन्न शिधापत्रिकेवर मिळत होते; कुत्र्यांचे मोठे कळप पाळणे अशक्य झाले. युद्ध संपले तेव्हा पैदाशीसाठी अगदी मूठभर कॅव्हेलियर उरले होते. आजचे जगभरचे कॅव्हेलियर हे त्या मूठभरांचे वंशज आहेत. जातीची नोंदवही ‘बंद’ असल्यामुळे, म्हणजे नोंदवलेल्या आई-बापांचीच पिल्ले नोंदवायची असा नियम असल्यामुळे, बाहेरून नवे रक्त येणेही थांबले.

याचा परिणाम काय होतो, हे तुम्हाला वर्गात करून पाहता येईल. एका पिशवीत एकाच आकाराचे १०० मणी घ्या : ५० पांढरे, ३० लाल, १५ निळे आणि ५ काळे. मणी नसतील तर कागदाच्या चिठ्ठ्या चालतील. आता न पाहता सहा मणी काढा. हे सहा म्हणजे युद्धानंतर उरलेले कुत्रे. यांच्याच प्रमाणात पुन्हा शंभर मणी भरायचे झाले तर नवी पिशवी कशी दिसेल, त्याचा हिशोब करा. हा प्रयोग निरनिराळ्या गटांनी दहा-वीस वेळा करावा. बहुतेक वेळा काळा रंग पार नाहीसा होईल. पण काही वेळा एखादा काळा मणी त्या सहांत येईल. मग नव्या पिशवीत काळ्यांचे प्रमाण शंभरात पाचावरून एकदम सुमारे सतरावर जाईल. काळा मणी चांगला आहे म्हणून हे घडले नाही. केवळ योगायोगाने घडले.

काळा मणी म्हणजे एखादे सदोष जनुक, अशी कल्पना करा. लोकसंख्या अशा अरुंद वाटेतून गेली की विविधता घटते, आणि एखादा दोष नुसत्या योगायोगाने घरोघर पोचतो. २०२१ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या आठ जातींचे जनुकीय आराखडे ताडून पाहिले. अपायकारक ठरू शकतील असे सर्वांत जास्त बदल कॅव्हेलियरमध्ये आढळले.

हृदयाची झडप

आपल्या हृदयाप्रमाणेच कुत्र्याच्या हृदयालाही चार कप्पे असतात. डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामध्ये दोन पडद्यांची एक झडप असते. तिला द्विदल झडप म्हणतात. निलय आकुंचन पावले की ही झडप घट्ट मिटते, त्यामुळे रक्त मागे न जाता पुढे शरीराकडे जाते. कॅव्हेलियरमध्ये ही झडप वयाबरोबर जाड व वेडीवाकडी होते आणि नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे गळते. स्टेथोस्कोप लावला तर ‘लब-डब’ या आवाजांच्या मध्ये ‘सूं’ असा जादा आवाज येतो. गळती वाढली की हृदयावर ताण पडतो, फुफ्फुसांत पाणी साठते, आणि कुत्र्याला धाप लागते.

इतर लहान जातींच्या कुत्र्यांनाही म्हातारपणी हा विकार होतो. कॅव्हेलियरमध्ये तो फार लवकर येतो. पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत सुमारे निम्म्या कुत्र्यांत हा आवाज ऐकू येतो आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक सर्वांत. या जातीच्या मृत्यूचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

येथे एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. इतक्या काटेकोर निवडीतून हा दोष सुटला कसा? उत्तर कालगणनेत आहे. कुत्र्याला दुसऱ्या वर्षीच पिल्ले होऊ शकतात. हृदयाचा आवाज मात्र पाचव्या-सहाव्या वर्षी येतो. तोवर सदोष जनुके पुढच्या पिढीत पोचलेलीही असतात! चाळणी लावली जाते ती दोन वर्षांच्या वयाला. दोष त्या वेळी चाळणीच्या खालीच असतो.

१९७३ साली एक कॅव्हेलियर क्रफ्ट्स प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ ठरला. मग या जातीची मागणी भराभर वाढली, आणि मागणीबरोबर दोषही पसरला.

कवटी लहान, मेंदू मोठा

दुसरा विकार अधिक क्लेशकारक आहे. नाक लांब झाले तरी कवटीची मागची बाजू आखूडच राहिली. तिच्यात मेंदूला पुरेशी जागा नसते. मेंदूचा मागचा भाग, अनुमस्तिष्क, कवटीच्या तळाच्या छिद्राकडे ढकलला जातो आणि तेथून वाहणाऱ्या मेरुद्रवाची वाट अडते. मग मज्जारज्जूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात. काही कुत्र्यांना त्यामुळे मानेत तीव्र वेदना होतात. चालता चालता ते थांबतात आणि मागच्या पायाने मानेजवळची हवाच खाजवल्यासारखे करतात. पूर्वी लोकांना ही त्यांची एक गमतीदार खोड वाटे!

बाहेरून काहीच लक्षणे न दिसणाऱ्या ५५५ कॅव्हेलियरांच्या एमआरआय तपासणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. एक वर्षाच्या कुत्र्यांपैकी सुमारे २५ टक्के आणि सहा वर्षांवरील कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्के कुत्र्यांत अशा पोकळ्या आढळल्या. अशा सर्वांनाच दुखते असे नाही. पण मायाळू कुत्रा शेपटी हलवतो म्हणून त्याला काही दुखत नसेल, असेही समजता येत नाही.

यावर उपाय काय?

ज्या निवडीने दोष पसरला, तीच निवड शहाणपणाने वापरली तर दोष कमी करता येतो. डेन्मार्कमध्ये पैदाशीआधी हृदयतपासणी सक्तीची करण्यात आली आणि निरोगी हृदयाच्या कुत्र्यांनाच परवानगी मिळू लागली. आठ-दहा वर्षांनी, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या योजनेतून जन्मलेल्या कुत्र्यांमध्ये झडपेच्या गळतीचा धोका सुमारे ७३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आई-बाप पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांची हृदये निरोगी होती का, हे पाहूनच पिल्लांची पैदास करावी, असेही तज्ज्ञ सुचवतात. म्हणजे चाळणी योग्य वयाला लावायची.

परंतु जनुकांचे भांडार फारच रिकामे झाले असेल तर नुसती आतली निवड पुरत नाही. बाहेरच्या जातीशी संकर करावा लागतो. नॉर्वेतील एका प्राणिमित्र संस्थेने हा प्रश्न न्यायालयात नेला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल दिला, की कॅव्हेलियरची चालू पद्धतीची पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध आहे. कॅव्हेलियर पाळण्यावर बंदी आलेली नाही, आणि शास्त्रशुद्ध संकराचा मार्ग मोकळा आहे. पैदास करणाऱ्या अनेकांना हा निकाल रुचलेला नाही. शतकभर जपलेली जात संकराने आपली राहणार नाही, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती समजण्यासारखी आहे. पण या जातीला लांब नाक मिळाले तेच मुळी चित्रे पाहून केलेल्या नव्या निवडीतून. आणि आखूड नाक आले तेही संकरातून. जात ही दगडावरची रेघ नाही.

एल्ड्रिजला हवे होते ते नाक डोळ्यांना दिसत होते, म्हणून वीस वर्षांच्या आत परत आले. हृदयाची झडप आणि जनुकांची विविधता डोळ्यांना दिसत नव्हती, म्हणून ती जाताना कोणी पाहिली नाही. कुत्रेच नव्हे, तर गाई, कोंबड्या, भाताचे वाण, जेथे जेथे माणूस थोड्यांतून थोडे निवडतो, तेथे हीच काळजी घ्यावी लागते. तुमच्या ओळखीचे कोणी एखाद्या जातिवंत कुत्र्याचे पिल्लू आणायला निघाले असतील, तर रंग आणि नाक पाहण्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारायला सांगा : याच्या आई-बापांचे हृदय तपासले आहे का?